पट्टी सगळीकडून सारखी जात होती

मित्रांनो, नाथाजीच्या बाकावर मापांचे कागद उडू नयेत म्हणून जे काळे वजन ठेवलेले असते, ते मुळात वजन नाही. तो मी आहे, भट्टीचा एक जुना बर्नर. माझ्या तोंडात आता आग नाही, तेलही नाही. पावसाळ्यात एक कोळी माझ्या फटीत जाळे विणतो आणि उन्हाळा आला की ते तसेच सोडून निघून जातो. मला त्याचे सुख नाही आणि दुःखही नाही. लोखंड फार वेळा तापले आणि फार वेळा निवले, की त्याची कुरकुर आपोआप थांबते. माझीही थांबली आहे. म्हणूनच ही हकीकत मला आवाज न चढवता सांगता येईल, असे वाटते.

माझा जन्म १९४३ सालच्या भाद्रपदात झाला. युद्ध चालू होते. पलूसच्या अलीकडे, रेल्वेच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर, धन्यकुमारअण्णांची लहानशी ओतशाळा होती. अण्णा मूळचे उसाचे शेतकरी, सांगलीकडचे जैन. गुऱ्हाळातल्या चरकाला आणि विहिरीवरच्या पंपाला लागणारे बुश, म्हणजे फिरत्या आसाभोवती बसणारी पितळेची जाड कडी, त्यांच्याकडे ओतली जात. युद्धामुळे दगडी कोळसा मिळेनासा झाला आणि भट्टी विझण्याची वेळ आली. तेव्हा अण्णांनी ठरवले की भट्टी इंजिनाच्या काळ्या तेलावर चालवायची, आणि तिला लागणारा बर्नर बाहेरून न आणता इथेच घडवायचा.

मला गुंडा आणि नाथाजी या दोन कारागिरांनी घडवले. बाहेरचे गोल कडे गुंडाने लेथवर कातले. आत मधोमध उभा असलेला, मुठीएवढा जाड आणि सपाट तोंडाचा खुंट नाथाजीने कातला. कडे आणि खुंट यांच्यामध्ये सभोवार पाव इंचाची फट होती. भट्टीच्या तळाशी मला वर तोंड करून बसवले होते. इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा पंखा खालून वारा सोडी, त्या वाऱ्यात मागेच थेंबथेंब तेल मिसळे, आणि माझ्या फटीतून तो वारा पोकळ नळीसारखा वर येई. वर तीन विटांवर मूस ठेवलेली असे. मूस म्हणजे धातू वितळवण्याचे भांडे. ज्योतीने तिला सगळीकडून सारखे कवेत घ्यावे, अशी ती रचना होती.

तुम्ही विचाराल, मधला खुंट हवाच कशाला? तो नसता तर पंख्याच्या जोरापुढे ज्योत टिकली नसती, उडून विझली असती. खुंटाच्या सपाट तोंडावर एक पोकळी राहते. कडेने वर गेलेला वारा त्या पोकळीत उलटा वळतो, भोवऱ्यासारखा फिरतो, आणि त्या फिरत्या वाऱ्याच्या आडोशाला आग घर करून राहते. ती पोकळी म्हणजे माझा प्राण होती. तिचा स्वभाव मात्र तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हता, मलाही नाही.

गुंडा पलूसचाच. अंगाने भरलेला, बोलका, उसाच्या घरातला तिसरा मुलगा. नाथाजी दुष्काळी माण तालुक्यातला. मुंबईत गिरणीच्या वर्कशॉपात चार वर्षे काढून आलेला, सडपातळ, मोजके बोलणारा. त्याची आई साळूबाई ओतशाळेतच साच्याची माती चाळत असे. दुपारी तिघे एकत्र बसत. गुंडा गूळ आणी, साळूबाई बाजरीची भाकरी आणी. नाथाजी गुंडाला "उसातला उंदीर" म्हणे आणि गुंडा त्याला "माणदेशी बोकड" म्हणे. दोघांनी मिळून एक पितळी पट्टी घासली होती, बरोबर पाव इंच जाडीची. मी पुरा झालो त्या दिवशी नाथाजीने ती पट्टी माझ्या फटीत घालून सावकाश सभोवार फिरवली. ती कुठे अडली नाही, कुठे सैल पडली नाही. त्याने पट्टी गुंडाच्या हातात दिली. गुंडाने फिरवून पाहिली आणि नाथाजीच्या पाठीवर थाप मारली.

खंडेनवमीला मला पहिल्यांदा पेटवले. हत्यारांच्या पूजेत लेथ, घण, कानशी यांच्या ओळीत साळूबाईने मलाही हळदकुंकू लावले आणि झेंडूचे एक फूल माझ्या खुंटावर ठेवले. पंखा सुरू झाला तसे ते फूल उडून अण्णांच्या टोपीला लागले. अण्णा हसले. पहिल्याच मुशीचे पितळ तासाभरात पाणी झाले. त्या दिवशी माझी जेवढी स्तुती झाली, तेवढी पुन्हा कधी झाली नाही.

आठ दिवसांनी नाथाजीने निवलेली मूस हातात घेऊन फिरवली. तिची पूर्वेकडची बाजू पांढरी पडली होती आणि पश्चिमेकडची तांबूसच राहिली होती. भट्टीच्या भिंतीत पाहण्यासाठी एक भोक होते. त्यातून दोघांनी आळीपाळीने पाहिले. ज्योत पूर्वेला झुकली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटवल्यावर ती पश्चिमेला झुकलेली दिसली. कधी आठवडाभर एकाच बाजूला, तर कधी चालू भट्टीतच उचकी लागल्यासारखी थरारून दुसऱ्या बाजूला.

माझ्या तोंडावर काय घडत होते ते मला कळत होते, पण सांगता येत नव्हते. खुंटाभोवतून वर आलेला वारा त्या पोकळीवर मिटू पाहत असे. एका अंगाचा भोवरा किंचित फुगला की दुसऱ्या अंगाचा दबून जाई, आणि अख्खी ज्योत फुगलेल्याच्या कलाने झुके. पंखा सुरू होताना जो आधी फुगला तो जिंकला. त्याला कारण लागत नसे. एखादी झुळूक, तेलाचा एखादा जड थेंब, एवढे पुरे होई. फट सारखी होती. कडे गोल होते. खुंट मधोमध होता. तरीही ज्योत झुकत होती.

माणसांना मात्र कारण हवे असते. ज्योत पूर्वेला झुकली की गुंडा खुंटाकडे बोट दाखवी, पश्चिमेला झुकली की नाथाजी कड्याकडे. आधी हे थट्टेत चाले. "बोकडाची मान वाकडी हाय, मग खुंट वाकडा व्हनारच," असे गुंडा म्हणाला तेव्हा साळूबाईसुद्धा हसली. पुढे मूस तडकली तेव्हा कोणी हसले नाही. मुशी मुंबईहून येत आणि युद्धामुळे त्यांचे येणे बंद झाले होते. अण्णांनी दोघांना बोलावून शांतपणे सांगितले की आता सहाच मुशी उरल्या आहेत, त्या गेल्या की भट्टी बंद ठेवावी लागेल, आणि चुकले कोणाचे हे आपल्याला विचारायचे नाही, ते तुम्ही दोघांनीच पाहा.

ते वाक्य अण्णांनी चांगुलपणाने उच्चारले होते. पण त्या दिवसापासून दोघेही चूक शोधू लागले, आणि जो तो दुसऱ्याच्या कामात शोधू लागला. खडूने माझ्या कडेवर खुणा झाल्या. कधी पूर्वेला कानस लागली, कधी पश्चिमेला. कधी कड्याखाली पत्र्याची चकती सरकवली गेली, कधी काढली गेली. पितळी पट्टी खिळ्याला टांगलेली होती. ती सगळीकडून सारखी जाते हे दोघांनाही ठाऊक होते, पण तिच्यावर आता विश्वास उरला नव्हता. ज्योत झुकते म्हणजे पट्टीच खोटी, असे दोघांनी मनाशी धरले. मला वाटते, तिथेच सगळे हातचे गेले.

कानशीने मला दुखले का, असे तुम्ही विचाराल. नाही. लोखंडाचा कीस खाली पडतो, एवढेच. पहिल्या चार-पाच वेळांनंतर मी मोजणेही सोडून दिले.

उन्हाळा संपेपर्यंत दोघांचे बोलणे कामापुरतेच राहिले. दुपारची भाकरी गुंडा घरी जाऊन खाऊ लागला. साळूबाई गुंडाच्या वाटणीची भाकरी बांधून ठेवी आणि संध्याकाळी ती तशीच घरी नेई. तिने एकदा लेकाला विचारलेही. नाथाजी एवढेच म्हणाला की वेळ जमत नाही.

श्रावणातली गोष्ट. तीन दिवस ज्योत सलग पूर्वेला झुकत होती आणि मुशी दोनच राहिल्या होत्या. संध्याकाळी सगळे गेल्यावर नाथाजी परत आला. त्याने मला सोडवले, आपल्या खुंटाची पश्चिमेची कड कानशीने उतरवली, म्हणजे त्या अंगाला फट वाढेल आणि वारा तिकडे जाईल. मग मला पुन्हा बसवून तो निघून गेला. जाताना त्याने गुंडाच्या बाकाकडे पाहिले. बहुधा सकाळी सांगावे असे त्याच्या मनात आले असावे. सकाळी सर्वांच्या आधी गुंडा आला. त्यानेही मला उचलले, आणि खुंटाच्या बुडाशी पश्चिमेकडून पत्र्याची जाड चकती घालून तो पूर्वेला सरकवला, तोही पश्चिमेची फट वाढावी म्हणूनच. त्यानेही नाथाजीला सांगितले नाही.

दोघांनीही एकच चूक एकाच बाजूने दुरुस्त केली. एकाने सांगितले असते तर दुसऱ्याने हात आवरला असता.

पश्चिमेची फट आता जवळजवळ दुप्पट झाली होती. पंखा सुरू झाला आणि ज्योत पश्चिमेच्या भिंतीला जाऊन भिडली. आता ती डोलत नव्हती. भोकातून पाहून गुंडाला वाटले, आज निदान स्थिर आहे. पितळ वितळले. मूस उचलायला दोन माणसे लागतात. लांब दांड्यांच्या सांडशीने एक पूर्वेकडून धरतो, एक पश्चिमेकडून. त्या दिवशी पूर्वेला गुंडा होता आणि पश्चिमेला नाथाजी.

मूस विटांवरून हातभर वर आली आणि पश्चिमेच्या अंगाने तडकली. आवाज फार मोठा नव्हता, खापर फुटते तेवढाच. पितळ नाथाजीच्या डाव्या पावलावर सांडले.

पुढचे मी पाहिले नाही. मी भट्टीच्या तळाशी होतो, आणि उरलेले पितळ माझ्या तोंडावर पडून थिजले होते.

पाय राहिला, पण त्यातली जाणीव गेली. साळूबाई लेकाला बैलगाडीत घालून स्टेशनावर घेऊन गेली आणि तिथून माणातल्या आपल्या गावी. भट्टी बंद झाली. अण्णांनी कोणाला काही विचारले नाही. मला काढून मातीच्या ढिगामागे टाकले. उरलेला पावसाळा माझ्यावरून गेला, गंज चढला. त्या साली खंडेनवमीला अण्णांनी एकट्याने लेथला हळदकुंकू वाहिले. मी मागे पडलो आहे हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

गुंडा मात्र येत असे. कामाचे दिवस संपले तरी तो दुपारी यायचा, ढिगावर बसायचा आणि छिन्नीने माझ्या तोंडावरचे थिजलेले पितळ थोडेथोडे काढायचा. त्याला घाई नव्हती. एकदा त्याने खिळ्यावरची पट्टी आणली आणि माझ्या फटीत घातली. पूर्वेला ती शिरेना. पश्चिमेला इतकी सैल पडली की हातातून सुटून खाली गेली. ती उचलायलाही त्याला बराच वेळ लागला.

फाल्गुनात त्याने मला पोत्यात घातले आणि तो निघाला. कोरेगावपर्यंत रेल्वे, तिथून कोळशावर चालणारी मोटार, आणि शेवटचे तीन कोस पायी. पोत्यात मला काही दिसत नव्हते. फक्त गुंडाचा श्वास ऐकू येई आणि खांदा बदलला की कळे.

पोते उघडले तेव्हा समोर खळे होते. शाळूची मळणी होऊन उफणणी चालली होती. साळूबाई तीन पायांच्या उंच तिवईवर उभी राहून सुपातून धान्य सोडत होती. दाणे सरळ खाली पडत, भुसा वाऱ्याने लांब जाई. खळ्याच्या मधोमध तिवडा होता, म्हणजे मळणीचे बैल ज्याच्याभोवती फिरतात तो खांब. कडेला, पाय लांब करून, नाथाजी जमिनीवर बसला होता. पावलावर फडके होते. त्याच्या शेजारी खडकाळ माळ, दोन शेळ्या आणि रिकामी घागर, एवढेच होते.

गुंडाने मला त्याच्यासमोर ठेवले. नाथाजीने माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा खळ्याकडे पाहू लागला. साळूबाईने सूप थांबवले नाही. वारा पडायच्या आत रास करायची होती. तिने वरूनच गुंडाला विचारले की जेवलास का. गुंडाने मान हलवली. ती हो होती की नाही, ते कळले नाही.

गुंडा खळ्याच्या कडेला टेकला. मग गुंडा म्हणाला, "त्या दिशी सकाळी म्या पश्चिमंनं पत्रा घातला हुता. तुला न सांगता."

शेळीने घागरीला तोंड लावले, तिला नाथाजीने हाकलले. मग माझ्याकडे हात केला. गुंडाने मला उचलून त्याच्या मांडीवर ठेवले. नाथाजीने खुंटाच्या पश्चिमेच्या कडेवरून अंगठा फिरवला. गंजाखाली कानशीच्या रेघा अजून होत्या.

"आदल्या दिशी सांजंला ही कड म्या उतरवली," तो म्हणाला. "मी बी तुला सांगितलं न्हाई."

गुंडाने हाताने जमिनीवरचे चार दाणे गोळा केले आणि परत टाकले. काय करावे हे त्याला सुचत नव्हते, एवढे मला दिसले. तो रडला नाही. नाथाजीही नाही.

मग नाथाजीने विचारले, "तासायच्या आदी पट्टी सगळीकडनं सारखी जात हुती न्हवं?"

"व्हय."

"मग जोत का झुकली?"

साळूबाईने तिवईवरून ऐकले होते. सूप रिकामे करून ती खाली उतरली, पदराने तोंड पुसले. झुकलेल्या ज्योतीवरून तिच्या लेकाचे आणि गुंडाचे सख्य तुटले होते हे तिला कळत होते. बर्नर, फट, मापे यांतले तिला काही कळत नव्हते. तिने मूठभर भुसा घेतला आणि तिवड्याच्या अलीकडून वाऱ्यात सोडला. खांबाच्या दोन्ही अंगांनी तो गेला आणि पलीकडे जाताच सगळा डावीकडे वळून गोल फिरला. तिने दुसरी मूठ सोडली. तो उजवीकडे गेला.

"खांबाच्या पाठीमागं वारं कवा सरळ बसतंय व्हय?" ती म्हणाली. "ह्या अंगाचं म्हनतंय जागा माजी, त्या अंगाचं म्हनतंय माजी. एक दडपतंय, एक फुगतंय. म्हनून तर तिवड्याच्या आडोशाला रास घालत न्हाईत. त्यात खांबाचा काय गुन्हा, बाबांनो?"

असे म्हणून ती पुन्हा तिवईवर चढली, कारण वारा अजून होता.

गुंडा खांबाकडे पाहत राहिला. मी त्याचा चेहरा पाहिला. दहा महिने जी गोष्ट माझ्या तोंडावर रोज घडत होती आणि मला सांगता येत नव्हती, ती एका बाईने दोन मुठी भुशात सांगून टाकली होती. कोणाचेच काही वाकडे नव्हते. मधे पोकळी राहिली की वारा तिच्यावर भांडणारच, आणि त्याचा कल कुठे तरी जाणारच.

नाथाजी मात्र खांबाच्या बुंध्याकडे पाहत होता. तो इतके दिवस जमिनीवर बसून होता, म्हणून त्याला जे दिसत होते ते उभ्या माणसाला दिसले नसते. तिवड्याला गुडघ्याएवढ्या उंचीवर दावे ओवायचे एक आरपार भोक होते. बाकी खांबामागे भुसा इकडेतिकडे गरगरत होता, पण त्या भोकामागे एक बारीक रेघ सरळ जात होती, आणि तिच्या दोन्ही अंगांचे भोवरे लहान, सारखे आणि शांत होते.

"मी रोज बगतोय," तो म्हणाला. "कशाला बगतोय ते कळत नव्हतं." मग त्याने माझ्या खुंटाच्या मधोमध बोट टेकले. "हितं भोक पाड. शाळवाच्या दाण्याएवढं. जास्ती न्हाई, जोत उडंल."

गुंडाने मान हलवली. ती हो होती. संध्याकाळी साळूबाईने नेहमीप्रमाणे लेकाचे पाऊल मांडीवर घेऊन निरखले. पायाला चटका कळत नसल्यामुळे निखारा लागला, काटा रुतला, तर तिलाच पाहावे लागे. त्या दिवशी दिवा गुंडाने धरला होता.

चैत्रात नाथाजी काठी टेकत पलूसला आला. बिघडलेल्या वस्तूवर प्रयोग करायला कोणी भीत नाही, म्हणून पहिले भोक माझ्याच खुंटात पडले. खालून आलेल्या वाऱ्यातला चिमूटभर वारा त्या भोकातून वर येऊन पोकळीत शिरला. माझी ज्योत सरळ झाली नाही, कारण मी आता खरोखरच वाकडा होतो. पण भोवऱ्यांचे ते भांडण निवले, हे मला जाणवले. आठवडाभर दोघांनी भट्टीच्या भिंतीतल्या भोकातून पाहिले. मग गुंडाने नवे कडे कातले, नाथाजीने नवा खुंट कातला, आणि मधोमध शाळवाच्या दाण्याएवढे भोक पाडले. पितळी पट्टी नव्या फटीत सावकाश फिरली. कुठे अडली नाही. त्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला.

उरलेल्या दोन मुशींपैकी एक तडकली होती, ती श्रावणातलीच. दुसरी त्या नव्या बर्नरवर चाळीस वेळा तापली आणि सगळीकडून सारखीच पांढरी झाली. पुढे युद्ध संपले, मुशी येऊ लागल्या. अण्णांनी भट्टीवर आणखी दोन माणसे घेतली. नाथाजीला ज्वाळेजवळ जाण्यास त्यांनी मनाई केली आहे. तो बाकावर बसून मापे घेतो, आणि मी त्याचे कागद दाबून ठेवतो. साळूबाई माती चाळते. दुपारी गूळ येतो, भाकरी येते. तिघे एकत्र बसतात. पहिल्यासारखे बोलत नाहीत, पण बसतात.

मित्रांनो, ओतशाळेत नवा माणूस आला की नाथाजी मला त्याच्यापुढे सरकवतो आणि पट्टी हातात देतो. पट्टी पूर्वेला अडते, पश्चिमेला सैल पडते. नवा माणूस म्हणतो की हा बर्नर मुळातच वाकडा घडवलेला दिसतो. नाथाजी त्याला सांगतो की हा सरळ घडवला होता, आम्ही तो तासून वाकडा केला. मीही तुम्हांला तेवढेच सांगतो. तुमच्या घरी, शाळेत, कुठेही एखादी गोष्ट एका बाजूला कलू लागली, तर लगेच कानस उचलू नका. आधी माप घ्या. माप बरोबर आले तर ते माना. आणि तरीही हात लावायचाच असेल, तर शेजारच्याला सांगून लावा. माझ्यावरच्या सगळ्या रेघा गुपचूप ओढलेल्या आहेत.

पंखा सुरू झाला की जोडणीतून गळालेला थोडा वारा बाकाकडे येतो आणि माझ्या फटीतून जातो. अजूनही तो पश्चिमेलाच झुकतो. आता मला कोणी तासत नाही.

मूस उचलायला आजही दोन माणसे लागतात. एक पूर्वेला, एक पश्चिमेला. नव्या माणसांपैकी कोणीही असो, पश्चिमेची सांडशी गुंडा कोणाला देत नाही. परवा नाथाजी बाकावरून बराच वेळ त्याच्याकडे पाहत होता. मग म्हणाला, "उंदरा, पूर्वंला सरक की आता. जोत सरळ हाय."

ते नाव मी किती वर्षांनी ऐकले, ते मला मोजता आले नाही. गुंडाने मागे वळून पाहिले नाही. सांडशी नीट धरली.

"असू दे," तो म्हणाला, आणि मूस वर येईपर्यंत तिथेच उभा राहिला.